ताकाता कॉर्पोरेशन (टकाटा)

मोटारींचे सीटबेल्ट, एअरबॅग, स्टिअरिंग व्हील आणि लहान मुलांची सुरक्षा-आसने बनवणारी पूर्वीची जपानी कंपनी. भारतीय वृत्तपत्रांत तिचे नाव बहुधा ‘टकाटा’ असे छापून येई. १९३३मध्ये एका विणकाम कारखान्यापासून सुरू झालेली ही कंपनी पुढे जगातील पहिल्या तीन एअरबॅग उत्पादकांत गणली जाऊ लागली आणि २०१७मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिच्या एअरबॅगमधील सदोष इन्फ्लेटरमुळे (बॅग फुगवणारा धातूचा डबा) मोटारउद्योगाच्या इतिहासातील सर्वांत मोठे रिकॉल (सदोष भाग बदलण्यासाठी गाड्या परत बोलावणे) करावे लागले. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर त्याच्या कक्षेत आले.

जपानच्या शिगा प्रांतात, बिवा सरोवराच्या पूर्व काठावर हिकोने हे जुने गाव आहे. या भागात विणकामाची परंपरा मोठी. तिथे ताकेझो ताकादा यांनी कारखाना काढला. जहाजांवरचे जीवरक्षक दोर आणि पॅराशूटच्या दोऱ्या हा सुरुवातीचा माल. माणसाचे वजन आणि झटका दोन्ही सहन करील असा पट्टा विणणे हे ताकाताचे मूळ कसब होते, आणि पुढची पन्नास वर्षे कंपनी याच कसबावर मोठी झाली.

१९५०च्या दशकात पॅराशूटच्या पट्ट्यांचा मोटारीत उपयोग करण्याचे प्रयोग अमेरिकेत चालू होते. ते ताकादांच्या नजरेत भरले. १९६०मध्ये कंपनीने सीटबेल्टचे उत्पादन सुरू केले. त्या काळी जपानी रस्त्यांवर मोटारी झपाट्याने वाढत होत्या आणि अपघाती मृत्यूही तितक्याच वेगाने वाढत होते. सीटबेल्टला गिऱ्हाईक मिळण्यासाठी लोकांना त्याची गरज पटवावी लागे. ताकाताने हे काम मनापासून केले. स्वतःच्या धडक-चाचण्या घेतल्या आणि १९७७मध्ये लहान मुलांचे सुरक्षा-आसन बाजारात आणले. ताकेझो यांच्यानंतर त्यांचे पुत्र जुइचिरो यांनी कारभार हाती घेतला. १९८३मध्ये कंपनीने ‘ताकाता’ हे नाव धारण केले. पुढे काय घडले ते माहीत असल्याने हा पूर्वार्ध सहज विसरला जातो, पण तो विसरू नये. ताकाताच्या पट्ट्यांनी असंख्य जीव वाचवले आहेत.

सीटबेल्टच्या धंद्यातही एक मोठा धक्का बसला होता. बकलवरचे लाल बटण ज्या प्लास्टिकचे होते, ते उन्हाने ठिसूळ होई. त्याचा कपचा निघून आत अडकला की बकल नीट लागत नसे किंवा सुटत नसे. १९९५मध्ये अमेरिकेत एकट्या या बटणापायी ८० लाखांहून अधिक गाड्या रिकॉलच्या कक्षेत आल्या. त्यात बहुतेक जपानी बनावटीच्या होत्या. कारखान्यातून निघताना वस्तू ठणठणीत असते, तिच्यावर वर्षानुवर्षे हवामानाचा मारा होतो आणि मग ती दगा देते. ताकाताच्या मोठ्या संकटाचे मूळही नेमके हेच होते. त्यामुळे १९९५चा धडा कंपनीने कितपत मनावर घेतला, हा प्रश्न रास्त ठरतो.

होंडाच्या लेजंड या गाडीतून १९८७मध्ये जपानी मोटारीत एअरबॅग आली. होंडाच्या त्या प्रकल्पावरील एका अभियंत्याने पुढे लिहिले आहे की, या कामासाठी विचारणा झाली तेव्हा जुइचिरो ताकादा तयार नव्हते. एअरबॅगमध्ये काही बिघडले तर कंपनी बुडेल, ही त्यांची भीती होती. होंडाला ताकाताचे मजबूत कापड हवे होते. अखेर ताकाताने होकार दिला. कापडाची पिशवी शिवणे तिच्या हातचे काम होते. पिशवीमागच्या डब्यातले रसायन मात्र सर्वस्वी परके शास्त्र होते. त्यासाठी कंपनीने अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील मोझेस लेक इथे कारखाना उभा केला आणि पुढे मेक्सिकोतील मोन्क्लोव्हा इथे मोठ्या प्रमाणावर उत्पादन नेले. २००० साली स्टिअरिंग व्हील बनवणारी जर्मनीची पेट्री कंपनी घेतली. २००६मध्ये समभाग टोकियो शेअर बाजारात नोंदवले गेले. तरी निम्म्याहून अधिक मालकी ताकादा कुटुंबाकडेच राहिली आणि २००७पासून ताकेझो यांचे नातू शिगेहिसा कंपनीचे प्रमुख झाले.

एअरबॅगचे काम कसे चालते हे कळले की पुढचा घोटाळा समजतो. धडक झाली की संवेदक ठिणगी पाडतो. इन्फ्लेटरच्या पोलादी डब्यात रसायनाच्या दाबून केलेल्या वड्या असतात, त्या पेट घेतात. त्यांच्यापासून निघालेला वायू डब्याच्या भोकांतून पिशवीत शिरतो आणि सेकंदाच्या साधारण तिसाव्या भागात पिशवी फुगते. लगेच ती मऊ पडू लागते, म्हणून माणसाचे डोके तिच्यात अलगद विसावते. हा एक बेतलेला स्फोटच आहे, आणि सगळे काही वड्यांच्या जळण्याच्या वेगावर अवलंबून असते. वडी बाहेरच्या पृष्ठभागावरून आत जळत जाते. ती अखंड असेल तर वेग ठरल्याप्रमाणे राहतो. तिला भेगा पडल्या किंवा भुगा झाला तर जळायला मिळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो. लाकडाचा ओंडका आणि त्याचाच भुसा यांच्या जळण्यात जो फरक, तोच इथे. वायूचा दाब डब्याला पेलवत नाही, डबा फुटतो आणि पोलादाचे तुकडे पिशवी फाडून चालकाच्या मानेत, चेहऱ्यात, छातीत घुसतात.

सुरुवातीच्या एअरबॅगमध्ये सोडियम अझाइड वापरत. ते विषारी असल्याने १९९०च्या दशकात सगळेच उत्पादक त्यापासून दूर गेले. ताकाताने आधी टेट्राझोल हे महागडे संयुग वापरले आणि २०००च्या सुमारास अमोनियम नायट्रेटकडे मोर्चा वळवला. हे रसायन शेतकऱ्यांना खत म्हणून आणि खाणींत सुरुंगासाठी परिचित आहे. ते स्वस्त, पुरेपूर वायू देणारे आणि मागे राख कमी ठेवणारे. त्यामुळे इन्फ्लेटर लहान, हलका आणि कमी खर्चाचा झाला, आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या त्यावर उड्या पडल्या. अवगुणही तितकेच ठाऊक होते. अमोनियम नायट्रेट हवेतला दमटपणा शोषून घेते, शिवाय ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास त्याच्या स्फटिकांची रचना बदलते आणि आकारमानही बदलते. त्यावर उपाय म्हणून स्थिरकारक मिसळला होता, पण ओलावा टिपणारा शोषक बहुतेक इन्फ्लेटरमध्ये घातलेला नव्हता. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे स्टिअरिंग दिवसा तापते, रात्री निवते. वर्षानुवर्षे हे चक्र चालले की वडी भुसभुशीत होते. मोठ्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनी या रसायनावर मुख्य भर ठेवण्याचे टाळले होते. स्वस्ताईच्या मोहात ताकाताने पत्करलेला हा धोका अजाणतेपणी पत्करलेला नव्हता, असेच उपलब्ध कागदपत्रांवरून म्हणावे लागते.

उत्पादनातही हलगर्जी होती. मोझेस लेकच्या एका यंत्रात पुरेशी न दाबली गेलेली वडी आपोआप बाजूला काढण्याची सोय होती, पण ती चालकाला हाताने बंद करता येत असे. मोन्क्लोव्हात काही वड्या दमट हवेत उघड्या राहिल्या. मार्च २००६मध्ये तिथे मोठा स्फोटही झाला.

रस्त्यावरचा पहिला ज्ञात प्रकार २००४मधला. अलाबामात एका होंडा अकॉर्डचा इन्फ्लेटर फुटून चालक जखमी झाला. तो एखादा अपवाद समजून सोडून देण्यात आला. नोव्हेंबर २००८मध्ये होंडाने पहिल्यांदा गाड्या परत बोलावल्या, त्या फक्त ४,००० च्या आसपास. मे २००९मध्ये ओक्लाहोमात शाळेच्या वाहनतळावर एका अठरा वर्षांच्या मुलीची अकॉर्ड दुसऱ्या गाडीला हलकेच धडकली. अशा टकरीत खरचटणेही नवलाचे असते, पण इन्फ्लेटरच्या तुकड्याने तिच्या मानेची रक्तवाहिनी कापली गेली. तिची गाडी तेव्हाच्या रिकॉल यादीत नव्हती. २०१४मध्ये फ्लोरिडात ऑरलँडोला एका महिलेच्या मानेवरच्या जखमा पाहून पोलिसांना आधी भोसकाभोसकीचा संशय आला. एअरबॅग बदलून घेण्याचे पत्र तिच्या घरी पोचले तेव्हा ती जिवंत नव्हती. त्याच वर्षी मलेशियात अमेरिकेबाहेरचा पहिला मृत्यू नोंदला गेला.

रिकॉलचे वर्तुळ मोठे होत गेले, पण ज्या गतीने झाले ती अक्षम्य होती. दर वेळी कंपनी एखाद्या विशिष्ट कारखान्यातल्या विशिष्ट काळातल्या चुकीकडे बोट दाखवी आणि तेवढ्याच गाड्या बोलावल्या जात. २००९मध्ये आकडा काही लाखांवर गेला, एप्रिल २०१३मध्ये टोयोटा, होंडा, निस्सान, माझदा मिळून ३४ लाखांवर. २०१४मध्ये दमट आणि उष्ण प्रदेशांपुरते रिकॉल करून भागेल, अशी भूमिका कंपनीने घेतली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे तिच्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागला. अखेर मे २०१५मध्ये इन्फ्लेटर सदोष असल्याचे ताकाताने मान्य केले आणि एकट्या अमेरिकेत सुमारे ३ कोटी ४० लाख गाड्या यादीत आल्या. रसायन आणि डब्याची रचना हेच मूळ दुखणे आहे, हे स्वतंत्र तपासणीतून फेब्रुवारी २०१६मध्ये स्पष्ट झाले. शोषकाविना अमोनियम नायट्रेट, ओलावा आत येऊ देणारी जुळणी आणि उष्ण-दमट हवेतला दीर्घ काळ, या तिन्हींचा मेळ जुळला की इन्फ्लेटर फुटतो. २००१ ते २००३च्या काही होंडा गाड्यांत धडक झाल्यास तो फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत असल्याचे अमेरिकी यंत्रणेच्या चाचण्यांत आढळले.

दोष असणे एक, आणि तो दडवणे दुसरे. नोव्हेंबर २०१५मध्ये होंडाने आपल्या या सर्वांत जुन्या भागीदाराची साथ सोडली. चाचण्यांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचे पुरावे कागदपत्रांत दिसतात, असे तिने जाहीर केले. जानेवारी २०१७मध्ये अमेरिकी न्याय खात्याने फसवणुकीचा खटला जाहीर केला आणि ताकाताने गुन्हा कबूल करण्याचे मान्य केले. वाहन कंपन्यांना साधारण दीड दशक खोटे आणि वगळलेले चाचणी-अहवाल दिले गेले होते. एकूण १०० कोटी डॉलरचा भुर्दंड बसला. त्यात अडीच कोटी फौजदारी दंड, साडेबारा कोटी पीडितांसाठी आणि ८५ कोटी वाहन कंपन्यांसाठी. या वाटणीत इजा झालेल्यांच्या पदरी आठवा हिस्सा आला, हे खटकल्याशिवाय राहत नाही. गाड्या बनवणाऱ्या कंपन्याही निव्वळ फसवल्या गेलेल्या नव्हत्या. स्वस्त इन्फ्लेटरचा फायदा त्यांनीही घेतला होता.

२६ जून २०१७ रोजी ताकाताने टोकियोच्या न्यायालयात आणि तिच्या अमेरिकी शाखेने डेलावेअरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. देणी १ लाख कोटी येनच्या वर होती. युद्धोत्तर जपानी कारखानदारीत एवढी मोठी दिवाळखोरी झालेली नव्हती. एप्रिल २०१८मध्ये बहुतेक कारभार सुमारे १५९ कोटी डॉलरना चिनी मालकीच्या, मिशिगनमधल्या ‘की सेफ्टी सिस्टिम्स’ या कंपनीने घेतला आणि ही नवी कंपनी जॉयसन सेफ्टी सिस्टिम्स या नावाने ओळखली जाऊ लागली. अमोनियम नायट्रेटच्या इन्फ्लेटरचा व्यवसाय मात्र तिने घेतला नाही. तो रिकॉलचे सुटे भाग पुरवण्यापुरता जुन्या कंपनीच्या अवशेषाकडे राहिला. ताकादा कुटुंबाची तीन पिढ्यांची मालकी इथे संपली.

रिकॉल मात्र कंपनीबरोबर संपले नाही. इन्फ्लेटर इतके हवे होते की बदली भाग पुरेनात. काही गाड्यांत जुन्याच प्रकारचा नवा इन्फ्लेटर बसवावा लागला आणि काही वर्षांनी तोही बदलावा लागला. ऑस्ट्रेलियाने २०१८मध्ये सुमारे ३० लाख गाड्यांसाठी रिकॉल सक्तीचे केले. फ्रान्सच्या ग्वादलूप आणि रेयुनियाँ या उष्ण-दमट बेटांवर अनेक बळी गेले, आणि २०२५मध्ये मूळ फ्रान्समध्येही मृत्यू झाल्यावर सरकारने सिट्रोएनच्या जुन्या गाड्या जागीच उभ्या करण्याचे आदेश दिले. अमेरिकेत या इन्फ्लेटरमुळे मृत पावलेल्यांची संख्या २५च्या पुढे आहे.

भारतात होंडाने सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड या गाड्या अनेक टप्प्यांत परत बोलावल्या. जुलै २०१६च्या एकाच टप्प्यात सुमारे १ लाख ९० हजार गाड्या होत्या. इन्फ्लेटर बदलून देण्याचे काम मोफत होते. जोखमीच्या दृष्टीने मुंबई, कोकण आणि गोव्याची हवा फ्लोरिडाच्या जवळची आहे. त्यामुळे किनारपट्टीवर वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या त्या काळातल्या गाड्यांचा प्रश्न इथे जास्त गंभीर ठरतो. रिकॉलचे पत्र कंपनीकडे नोंद असलेल्या मालकाच्या पत्त्यावर जाते, आणि यातल्या कितीतरी गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या हाती आहेत. उत्पादकाच्या संकेतस्थळावर गाडीचा चासी क्रमांक टाकला की इन्फ्लेटर बदलायचा राहिला आहे का, ते कळते.