डायक्लोफेनॅक सपोझिटरी

डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाची, गुदद्वारातून आत सरकवायची मेणचट, निमुळती गोळी. शरीराच्या उष्णतेने वितळते आणि आतलं औषध तिथल्याच रक्तवाहिन्यांतून रक्तात जातं. सिझेरियननंतर, मूतखड्याची कळ आल्यावर किंवा उलट्यांमुळे तोंडाने काहीच टिकत नसेल तेव्हा डॉक्टर ही देतात. मोठ्यांसाठी साधारण १०० मिलिग्रॅमची मिळते.

'तोंडावाटे नाही ना घेत, मग ॲसिडिटीचं टेन्शन नाही' असं बरेच जण धरून चालतात आणि इथेच घोळ होतो. जठराचं अस्तर राखणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची शरीरातली रसायनं हे औषध रक्तातून फिरूनच कमी करतं, त्यामुळे कुठूनही घेतलं तरी अल्सरचा, रक्तस्रावाचा धोका राहतोच. डोसचंही तसंच, मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम, म्हणजे एक १०० ची ठेवली की उरले ५०, आणि वर आयबुप्रोफेनची गोळी घेतली तर एकाच जातीची दोन औषधं झाली, ते टाळायचंच.

अल्सर, हार्टचा किंवा किडनीचा आजार, ॲस्पिरिनने दमा उसळणारे, गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने, यात ही नकोच. गुदद्वारातून रक्त जात असेल किंवा तिथे सूज असेल तरीही नको. रक्त पातळ करणाऱ्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला सांगा. डेंग्यूची शंका असेल तर अजिबात नाही.

ठेवताना शक्यतो आधी संडासला जाऊन या, हात धुवा, वेष्टन काढा (हो, वेष्टनासकट ठेवणारेही असतात), डाव्या कुशीवर झोपून वरचा गुडघा पोटाकडे घ्या आणि टोकदार बाजूने साधारण एक इंच आत सरकवा. मग पंधरा-वीस मिनिटं पडून राहा. उन्हाळ्यात मऊ पडली असेल तर वेष्टनासकट थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवायची. लहान मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी कापून देऊ नका, त्यांचा डोस वजनावर ठरतो. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, छातीत दुखणं किंवा धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी न ठेवता सरळ हॉस्पिटल गाठायचं.