घरगुती लिफ्ट

घरगुती लिफ्ट म्हणजे एकाच कुटुंबाच्या घरात, साधारण दोन ते चार मजल्यांसाठी बसवलेली छोटी लिफ्ट. मोठ्या इमारतीतल्या लिफ्टपेक्षा ही हळू चालते, वजन कमी उचलते आणि जागाही कमी खाते. युरोपात या वर्गातल्या बऱ्याच लिफ्टना सेकंदाला ०.१५ मीटर एवढीच वेगमर्यादा आहे, म्हणजे तीन मीटरचा मजला चढायला २० सेकंद, आणि घरात तेवढं पुरतं. गुडघे दुखणारी, व्हीलचेअर वापरणारी माणसं वरच्या मजल्यावर स्वतःच्या हिमतीवर जाऊ शकतात, खरा फायदा हा.

लिफ्टचा विचार घराचा प्लॅन कागदावर असतानाच केलेला बरा. आत्ता बसवायची नसली तरी प्रत्येक मजल्यावर एकावर एक येतील अशी स्टोअररूम किंवा कपाटं ठेवायची, तेवढ्या भागातला स्लॅब नंतर काढता येईल असं डिझाइन इंजिनिअरकडून करून घ्यायचं, आणि वायरिंगसाठी पाइप टाकून ठेवायचा. तयार घरात स्लॅब कापायचा झाला तर बीम कुठून जातोय हे आधी बघावं लागतं, आणि तो निर्णय इंजिनिअरचाच, ठेकेदाराच्या अंदाजावर सोडायचा नाही.

प्रकार मुख्यतः चार. हायड्रॉलिक लिफ्टमध्ये पंप तेलाच्या दाबाने कॅबिन वर ढकलतो, उतरताना व्हॉल्व्ह उघडला की ती वजनाने खाली येते, त्यामुळे वीज गेली तरी थोड्या बॅटरीवर खालच्या मजल्यावर उतरता येतं. ट्रॅक्शन लिफ्ट दोर किंवा बेल्ट आणि काउंटरवेटवर (कॅबिनला तोलणाऱ्या वजनावर) चालते, वीज कमी लागते, पण खालचा खड्डा आणि वरची मोकळी उंची सहसा जास्त लागते. स्क्रू लिफ्टमध्ये लांब आट्याच्या दांड्यावर मोठा नट फिरत वर-खाली जातो, याला खड्डा जवळपास लागतच नाही, मात्र बऱ्याच मॉडेलमध्ये पूर्ण कॅबिन नसते आणि पोचेपर्यंत बटण दाबून धरावं लागतं. बोटांत ताकद नसलेल्या माणसाने हे विकत घ्यायच्या आधी करून बघावंच. चौथी हवेच्या दाबावरची गोल पारदर्शक नळीसारखी लिफ्ट, लवकर बसते, पण तिच्या छोट्या मॉडेलमध्ये व्हीलचेअर जात नाही.

व्हीलचेअर आणि सोबत एक माणूस धरायचा असेल तर कॅबिन आतून ११०० बाय १४०० मिमी आणि दरवाजा निदान ८०० मिमी मोकळा असावा, ९०० मिळाला तर उत्तम. दरवाज्यासमोर खुर्ची वळवायला जागा आहे का हेही मोजायचं, ते हमखास राहून जातं.

मॉडेल ठरल्याशिवाय शाफ्ट, म्हणजे लिफ्ट ज्यातून वर-खाली जाते ती उभी पोकळी, बांधू नये. कंपनीचं ड्रॉइंग हातात आलं की त्यात खड्डा, वरची उंची, रेल (कॅबिन जिच्या आधाराने सरकते ती उभी पट्टी) कुठल्या भिंतीला लागणार, तिथे किती भार येणार हे सगळं लिहिलेलं असतं. शाफ्ट झाल्यावर वरून ओळंबा सोडून प्रत्येक मजल्यावर चारही भिंतींचं अंतर घ्यायचं, कर्णही मोजायचे. खाली बरोबर असलेली भिंत वर दोन-तीन सेंटीमीटर आत आलेली असते आणि मग रेल बसवताना सगळी ओढाताण. फरशी लावायची बाकी असेल तर तयार फरशीची लेव्हल भिंतीवर खूण करून द्यायची, नाहीतर लिफ्टचा उंबरठा एका लेव्हलला आणि घर दुसऱ्या. खड्ड्याला वॉटरप्रूफिंग हवंच, आणि शाफ्टमधून पाण्याचे पाइप अजिबात नेऊ नयेत. झोपायच्या खोलीच्या भिंतीला मोटर लावली तर आवाज येतो.

सुरक्षेत लोकांना दोर तुटायची भीती वाटते, पण तो प्रश्न फार जुना सुटलेला आहे. एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः प्लॅटफॉर्मवर उभं राहून दोर कापायला लावला होता, आणि त्यांनी बनवलेल्या सेफ्टी ब्रेकमुळे प्लॅटफॉर्म जागीच थांबला. आज दोरावरच्या लिफ्टमध्ये वेग वाढला की गव्हर्नर, म्हणजे वेगावर लक्ष ठेवणारं यंत्र, सेफ्टी गिअर (कॅबिनखालचा ब्रेक) लावतो आणि कॅबिन रेलला घट्ट धरली जाते.

घरात खरा धोका दरवाज्यापाशी असतो. बाहेरचा दरवाजा साध्या उघडझापीचा आणि आत कॅबिनचा दरवाजा किंवा जाळी, या दोघांच्या मधल्या फटीत लहान मूल शिरू शकतं, बाहेरचा दरवाजा बंद झाला की लिफ्टला वाटतं सगळं ठीक आहे आणि ती चालू होते. अशा अपघातांत मुलं दगावली आहेत. म्हणून अमेरिकेच्या ए१७.१ या लिफ्ट-सुरक्षेच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने बाहेरच्या दरवाज्यापासून कॅबिनच्या दरवाज्यापर्यंतचं अंतर ४ इंचांपेक्षा जास्त नको आणि उंबरठ्याच्या कडेपर्यंत पाऊण इंचच चालेल असं ठरवलं. जुन्या लिफ्टमध्ये फट मोठी असेल तर दरवाज्याच्या आतल्या बाजूला भरीव पॅनल लावून ती भरता येते, आणि घरात मुलं येत-जात असतील तर हे काम होईपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी.

ताबा घेताना पूर्ण वजन ठेवून चालवून बघायचं, मध्येच मेन स्विच पाडून बॅटरीवर कॅबिन मजल्यावर येते का, दरवाजा उघडतो का, आतला फोन वीज नसताना लागतो का हे स्वतः तपासायचं. वीज गेल्यावर आतल्या माणसाला बाहेर कसं काढायचं हे घरातल्या निदान दोघांना मेकॅनिकसमोर हाताने करून दाखवायला लावावं, आणि दरवाज्याची इमर्जन्सी चावी मुलांच्या हाताला लागणार नाही पण मोठ्यांना अंधारातही सापडेल अशा जागी ठेवावी.