इंग्रजी मजकुरातील विशेषणे आणि तुलना : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गोव्यातील निवासगृहे, खाणावळी, काजूची दुकाने, देवस्थान समित्या आणि छोटे कारखाने यांचा इंग्रजी मजकूर आम्ही तपासून देतो. बहुतेक ग्राहक मजकूर मनात मराठीत किंवा कोंकणीत योजतात आणि मग तो इंग्रजीत उतरवतात. शब्द योग्य असतात, स्पेलिंगही बरोबर असते, तरीही वाचणारा पाहुणा एखाद्या वाक्यापाशी अडखळतो. नाम, त्याचे विशेषण आणि त्या विशेषणाने केलेली तुलना एकत्र येतात, तिथेच बहुधा हे घडते. आम्ही एखादे वाक्य का बदलले हे ग्राहकांना कळावे आणि पुढचा मजकूर लिहिताना ती जाण त्यांच्या हाताशी असावी, यासाठी हे पत्रक काढले आहे. इंग्रजी उदाहरणे वाचायला सोपी जावीत म्हणून ती नागरी लिपीत दिली आहेत.

विशेषण आणि त्याची पुरवणी

मराठीत नामाला जोडून जे विशेषण येते ते बहुधा आपल्या पुरवणीसह नामाच्या आधीच येते. ‘मोठी खोली’ म्हणतात, तसेच ‘या खोलीपेक्षा मोठी खोली’ आणि ‘लहान मुले असलेल्या कुटुंबांना सोयीची खोली’ असेही म्हणतात; मधला मजकूर कितीही लांबला तरी ‘खोली’ हा शब्द शेवटीच राहतो. इंग्रजीत तसे चालत नाही. विशेषण एकटे असेल तर ते नामाआधी बसते: ‘अ बिग रूम’, ‘अ सूटेबल रूम’. पण विशेषणाला स्वतःची पुरवणी असली, म्हणजे ते कशासाठी, कशाने किंवा कोणापेक्षा हे सांगणारे शब्द त्याच्या मागे आले, तर ती पुरवणी नामाच्या आधी राहू शकत नाही. ‘अ सूटेबल फॉर फॅमिलीज रूम’ ही आमच्याकडे वारंवार येणारी रचना म्हणजे मराठी वाक्याचा सरळ उतारा आहे. इंग्रजीत ‘अ रूम सूटेबल फॉर फॅमिलीज’ असे लिहितात, म्हणजे विशेषण आपल्या पुरवणीसह नामानंतर जाते. किंवा ‘अ सूटेबल रूम फॉर फॅमिलीज’ असे लिहितात, म्हणजे विशेषण नामाआधी राहते आणि पुरवणी तेवढी मागे जाते.

हा दुसरा मार्ग सगळ्याच विशेषणांना खुला नाही. ‘सूटेबल’, ‘सिमिलर’, ‘डिफरंट’, ‘डिफिकल्ट’ यांना तो चालतो. ‘प्राउड’, ‘फाँड’, ‘अवेअर’ यांना चालत नाही. ‘आपल्या जुन्या घराचा अभिमान असलेले कुटुंब’ हे ‘अ फॅमिली प्राउड ऑफ इट्स ओल्ड हाउस’ असेच लिहावे लागते. शंका आली तर विशेषण आणि पुरवणी दोन्ही नामानंतर ठेवावीत. ही रचना थोडी औपचारिक वाटली तरी चुकीची ठरत नाही.

‘दॅन’ची जागा

आता तुलना. ‘पेक्षा’साठी इंग्रजीत ‘दॅन’ येतो आणि ‘दॅन’ने सुरू होणारा भाग ही तुलनेच्या विशेषणाची पुरवणीच असते, म्हणून तिलाही वरचाच नियम लागतो. ‘या खोलीपेक्षा मोठी खोली’ हे ‘अ बिगर रूम दॅन धिस वन’ किंवा ‘अ रूम बिगर दॅन धिस वन’ असे होते. ‘अ बिगर दॅन धिस रूम’ असे होत नाही.

या दोन बरोबर रचनांतला फरक बारीक असला तरी लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिल्या रचनेत ज्याच्याशी तुलना केली तेही त्याच नामात मोडते असे इंग्रजी वाचक धरून चालतो. ‘अ बिगर टेंपल दॅन द स्कूल’ हे वाक्य वाचताना ती शाळाही एक देऊळच आहे की काय असे वाटू लागते. ‘अ टेंपल बिगर दॅन द स्कूल’ असे लिहिले की ती अडचण उरत नाही, कारण तिथे फक्त आकाराची तुलना होते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जोन ब्रेस्नन यांनी १९७३ मध्ये इंग्रजीतील तुलनेच्या रचनेवर लिहिताना हा भेद मांडला होता. आमच्या कामात तो रोज उपयोगी पडतो, विशेषतः जुन्या घराच्या निवासगृहाची तुलना मालक शेजारच्या हॉटेलाशी करतात तेव्हा.

‘ॲज’, ‘टू’ (‘फारच’ या अर्थाचा), ‘सो’ आणि ‘हाउ’ हे शब्द आले की क्रम वेगळाच होतो, कारण विशेषण ‘अ’च्याही पुढे सरकते: ‘ॲज गुड अ रूम ॲज एनी’, ‘टू स्मॉल अ रूम फॉर फोर गेस्ट्स’. ही रचना फक्त एकवचनी, मोजता येणाऱ्या नामालाच लागू पडते. खोल्या अनेक असतील तर ‘रूम्स टू स्मॉल फॉर फोर गेस्ट्स’ असे लिहून विशेषण मागे न्यावे. ‘मोअर’ मात्र असा उलटा क्रम घेत नाही. ‘अ मोअर कम्फर्टेबल रूम’ हाच सरळ क्रम राहतो.

कशाची तुलना कशाशी

तुलनेच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीच्या वस्तू असाव्यात, याकडे इंग्रजी मराठीपेक्षा अधिक काटेकोरपणे पाहते. ‘आमचे दर इतर हॉटेलांपेक्षा कमी आहेत’ हे मराठीत कोणालाही खटकत नाही. इंग्रजीत ‘अवर रेट्स आर लोअर दॅन अदर हॉटेल्स’ लिहिले तर दरांची तुलना थेट इमारतींशी होते, म्हणून ‘दॅन दोज ऑफ अदर हॉटेल्स’ असे लिहावे. दरपत्रकाच्या पहिल्याच ओळीत ही चूक असली की पुढच्या आकड्यांवरचाही विश्वास कमी होतो, असे आमचे ठाम मत आहे.

‘अदर’ हा छोटा शब्दही वगळू नये. क्षेत्रफळाने गोवा भारतातील सर्वांत लहान राज्य आहे. त्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. ‘गोवा इज स्मॉलर दॅन एनी स्टेट इन इंडिया’ असे लिहिले तर ‘एनी स्टेट’मध्ये गोवाही येतो आणि गोवा स्वतःपेक्षाच लहान ठरतो. ‘एनी अदर स्टेट’ लिहिले की वाक्य खरे होते. ‘द स्मॉलेस्ट स्टेट इन इंडिया’ हे त्याहून थेट आहे. तिथे ‘द’ सोडू नये. ‘वन ऑफ द’ आल्यास पुढचे नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी ठेवावे: ‘वन ऑफ द टॉलेस्ट वॉटरफॉल्स इन इंडिया इज दूधसागर’. ‘मोअर बेटर’ कुठेही लिहू नये. ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’, ‘सीनिअर’ आणि ‘ज्युनिअर’ यांच्यापुढे ‘दॅन’ नव्हे, ‘टू’ येतो.

काजू विक्रेत्यांना एका विशेष रचनेची नेहमी गरज पडते. अख्ख्या पांढऱ्या गराच्या प्रतवारीत डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२१०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० अशा खुणा असतात आणि तो आकडा एका पौंडात जास्तीत जास्त किती गर बसतात ते सांगतो. डब्ल्यू-२४० म्हणजे पौंडाला २२० ते २४० गर. आकडा जितका लहान तितका गर मोठा, हे पर्यटकाला ठाऊक नसते आणि महागड्या पाकिटावर लहान आकडा पाहून तो गोंधळतो. याला इंग्रजीत नेमके वाक्य आहे: ‘द लोअर द नंबर, द लार्जर द कर्नल’. ‘जितका… तितका’चे काम इथे दोन्ही भागांच्या सुरुवातीचा ‘द’ करतो, तुलनेचे विशेषण लगेच त्याच्यामागे येते आणि क्रियापद नसले तरी चालते. पाकिटाच्या पाठीवर ही एक ओळ छापावी, असे आम्ही प्रत्येक विक्रेत्याला सुचवतो.

नामाआधीची रांग

एकापेक्षा अधिक साधी विशेषणे नामाआधी आली तर त्यांचा क्रम बराचसा ठरलेला असतो: आधी मत, मग आकार, वय, रंग, मूळ स्थान आणि शेवटी घडणीचा पदार्थ. ‘अ ब्यूटिफुल ओल्ड पोर्तुगीज हाउस’ हे ओघाने वाचता येते, ‘अ पोर्तुगीज ओल्ड ब्यूटिफुल हाउस’ हे वाचणाऱ्याला थांबवते. संख्या आणि नाम मिळून विशेषण झाले तर मधले नाम एकवचनी राहते आणि दोहोंमध्ये जोडरेघ येते. मंगेशीच्या देवळासमोरचा सात मजली दीपस्तंभ म्हणूनच ‘अ सेव्हन-स्टोरी लॅम्प टॉवर’ होतो. समुद्रकिनारा ‘अ फाइव्ह-मिनिट वॉक’ अंतरावर असतो, ‘अ फाइव्ह-मिनिट्स वॉक’ नव्हे.

शेवटचा प्रश्न दुहेरी अर्थाचा, आणि तो आम्ही एकट्याने सोडवू शकत नाही. ‘मोअर एक्स्पीरिअन्स्ड गाइड्स’ म्हणजे अधिक अनुभवी मार्गदर्शक, की अनुभवी मार्गदर्शकांची वाढलेली संख्या? ‘फ्रेश फिश अँड व्हेजिटेबल्स’मध्ये भाजीही ताजी आहे, की केवळ मासळी? असा मजकूर पाठवताना कोणाची तुलना कोणाशी आहे आणि विशेषण कोणत्या नामापर्यंत लागू आहे, हे ग्राहकांनी त्या ओळीशेजारी मराठीत लिहून द्यावे. ती टीप नसेल तर आम्ही अंदाजाने दुरुस्ती करत नाही. फोन करून विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत ती ओळ छपाईला पाठवत नाही.