मोडलेला जबडा आणि प्लेटची जागा

खालच्या जबड्याचा कोन, म्हणजे अक्कलदाढेच्या मागचा भाग मोडला, तर ऑपरेशनमध्ये प्लेटच्या, म्हणजे हाड धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीच्या आधी दातांकडे बघायचं. वरचे-खालचे दात एकमेकांत नेहमीसारखे बसवून तारांनी बांधायचे, मगच स्क्रू. एक्सरे कितीही सुबक दिसो, चावा थोडा जरी चुकला तरी पेशंटला पहिल्याच घासाला कळतं.

चावताना कोनाच्या वरच्या काठावर ताण येतो आणि खालच्या काठावर दाब, म्हणून भेग वरून उघडते. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या मॅक्सिम शाम्पी यांनी १९७०च्या दशकात याच हिशेबाने प्लेटच्या जागा ठरवल्या. कोनात वरच्या काठाशी एकच मिनीप्लेट (लहान, पातळ प्लेट) पुरते, तीही २ मिमी व्यासाच्या, हाडाच्या फक्त बाहेरच्या कवचात, म्हणजे टणक थरात बसणाऱ्या आखूड स्क्रूंवर. हनुवटीपाशी हाडाला पीळही पडतो, तिथे ४-५ मिमी अंतराने दोन प्लेट लागतात. मग कोनातही दोन का नकोत? कारण दुसरीसाठी हाडावरचं आवरण आणखी सोलावं लागतं, आणि रक्तपुरवठा त्या आवरणातूनही येतो.

हाड जुळणं ठरतं ते भेगेच्या फटीतल्या हालचालीवर. हालचालीला फटीच्या रुंदीने भागा. उत्तर २ टक्क्यांच्या आत असेल तर हाड थेट जुळतं, साधारण १० टक्क्यांपर्यंत कॅलस (भेगेभोवती तयार होणारं कच्चं हाड) धरून जुळतं, त्यापुढे नुसते तंतू भरतात. ०.०५ मिमी हालचाल १ मिमीच्या फटीत ५ टक्के होते, पण ०.१ मिमीच्या फटीत ५० टक्के! फट जवळजवळ मिटलेली पण प्लेट ढिली, ही अवस्था म्हणूनच फार वाईट.

ढिलेपणाचं मूळ बरेचदा ड्रिलमध्ये असतं. हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी इजा होते. बोथट ड्रिल जोर लावून, सलाईनची धार न सोडता चालवलं की स्क्रूभोवतीचं हाड मरतं, पुढे विरघळतं, आणि काही आठवड्यांनी स्क्रू हलू लागतो. मग जंतुसंसर्ग होतो. दोष मात्र पेशंटच्या चूळ न भरण्याला दिला जातो.

साधी प्लेट हाडाच्या वळणाबरहुकूम वाकवलेली नसेल, तर स्क्रू आवळताना हाडच प्लेटकडे ओढलं जातं आणि बांधलेला चावा तारा सोडताच बिघडलेला दिसतो. लॉकिंग स्क्रू प्लेटमध्येच अडकतात, त्यामुळे ही ओढ खूप कमी होते.

हाडाचा चुरा झाला असेल किंवा दात नसलेला म्हातारा, पातळ जबडा असेल, तर मिनीप्लेटवर भरवसा ठेवू नये. तिथे सगळा भार प्लेटनेच पेलायचा असतो: जाड रिकन्स्ट्रक्शन प्लेट, भेगेच्या दोन्ही बाजूंना शाबूत हाडात किमान तीन-तीन स्क्रू, दोन्ही कवचांतून आरपार. अशा जबड्यात आतली रक्तवाहिनी आक्रसलेली असते आणि हाड जगतं ते मुख्यतः आवरणावर, म्हणून तिथे सोलताना हात आखडताच ठेवावा लागतो.