क्रॅपीच्या फेरीला येण्याआधी: गळ किती खोल सोडायचा?

टेक्सासमधल्या लेक फोर्क जलाशयावर शनिवार-रविवारी आमच्या होडीतून येणाऱ्या मंडळींसाठी

डॅलस, प्लेनो, फ्रिस्कोहून आमच्याकडे येणारी मराठी मंडळी मासेमारीत अगदीच नवखी नसतात. कुणी लहानपणी मालवणच्या खाडीत गरवलेलं असतं, कुणी कृष्णेच्या डोहात काठी टाकून दुपारी घालवलेल्या असतात. त्यामुळे गळाला आमिष कसं टोचायचं, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कसा गुंडाळायचा हे इथे लिहीत नाही. लिहायचं आहे ते एकाच चुकीबद्दल, कारण ती जवळजवळ प्रत्येक फेरीत होते आणि फेरीचा सर्वांत चांगला वेळ तिच्यापायी जातो. ती चूक म्हणजे गळ तळापर्यंत सोडणं.

खाडीत शिसं तळाला टेकलं की दोरी ताणून बसायचं आणि शेंगटी ओढेपर्यंत वाट पाहायची. तिथे ते बरोबरच आहे. क्रॅपी हा गोड्या पाण्यातला मासा मात्र तळाशी चरणारा नाही. तो अधल्यामधल्या पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांशी घोळक्याने उभा असतो. त्याचे डोळे मोठे आणि डोक्यावर बरेच वर असतात. वरून येणाऱ्या उजेडात वर तरंगणारी लहान मासळी त्याला स्पष्ट दिसते, आणि तो खालून वर उठून ती टिपतो. आमिष त्याच्या डोक्यावर फूट-दोन फूट असेल तर तो वर येतो. तेच आमिष त्याच्या पोटाखाली गेलं, तर त्याच्यासाठी ते तिथे नसल्यासारखंच असतं.

म्हणजे पाणी तीस फूट खोल आहे आणि मासा अठरा फुटांवर दिसतोय, तर गळ सोळा फुटांवर हवा. अठरावर नको, वीसवर तर नकोच.

यावर नेहमीचा प्रश्न असा येतो: “सोनारच्या (मासे शोधणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर मासा दिसतोय, मग आमिष थेट त्याच्या तोंडाशी का नाही द्यायचं?” याला दोन कारणं आहेत. सोनारचा झोत खाली पसरत जाणाऱ्या शंकूसारखा असतो. मासा झोताच्या कडेला असेल तर यंत्र त्याचं तिरकं अंतर मोजतं, म्हणून तो असतो त्यापेक्षा खोल दिसतो. अठरा दाखवलेला मासा सोळावरही असू शकतो. दुसरं कारण हाताचं. मासा दिसला की मन उतावीळ होतं, दोरी सुटत राहते आणि आमिष त्याच्याजवळून खाली निघून जातं. दोन फूट वर थांबलात तर दोन्ही चुका आपोआप भरून निघतात.

आता तळाला सोडलेल्या गळाचं काय होतं तेही सांगतो. लेक फोर्क हे 1980 साली पाणी अडवून झालेलं धरण. जवळजवळ 27,000 एकरांचा हा पसारा, आणि पाणी भरलं तेव्हा खालची बरीच झाडं तशीच उभी ठेवली होती. ती अजून पाण्यात आहेत. क्रॅपी त्यांच्याच आधाराने राहतो, म्हणून आपणही तिथेच थांबतो. खाली सोडलेला गळ कुठल्या तरी फांदीत अडकतोच. मग ओढाओढ होते, दोरी तुटते, नवा गळ, नवी गाठ, नवं आमिष. आमच्या अनुभवात एका अडकण्याला दहा मिनिटं सहज जातात. होडीत चौघे असतात. चौघांनी तीन-तीन वेळा अडकवला तर दोन तास आम्ही गाठीच मारत बसतो. शिवाय त्या ओढाओढीत फांदी हलते आणि घोळका पांगतो. जे नीट गरवत होते त्यांचाही चावा बंद पडतो. याचं आम्हाला फार वाईट वाटतं, कारण ते लोक पहाटे चार वाजता उठून आलेले असतात.

अडकलाच, तर झटके देऊ नका. काठी खाली ठेवा आणि आम्हाला हाक मारा. आमचे गळ मुद्दाम बारीक तारेचे असतात, सावकाश सरळ रेषेत ओढले की ते वाकून सुटतात. “एवढे कमकुवत गळ का ठेवता?” असं विचारतात. म्हणूनच ठेवतो.

रंगीत दोऱ्याची गाठ

प्रत्येक काठीच्या तंगुसावर लाल किंवा पिवळ्या दोऱ्याची बारीक गाठ दिसेल. तरंगणारं फ्लोट त्या गाठीशी येऊन थांबतं, म्हणजे गळ ठरलेल्या खोलीवरच राहतो. ती गाठ आम्ही जागा बघून सरकवतो. कृपया तुम्ही सरकवू नका. शेजाऱ्याला मासे लागतायत आणि आपल्याला नाही, असं झालं की हात पहिल्यांदा त्या गाठीकडे जातो आणि गळ आणखी खोल जाईल अशीच ती नेमकी सरकवली जाते. बदल हवा असेल तर आम्हाला सांगा, आणि पहिला बदल नेहमी गळ थोडा वर घेऊन करून बघू.

फ्लोट बुडण्याचीच वाट पाहू नका. क्रॅपी आमिष घेऊन वर उठतो, तेव्हा फ्लोटवरचा भार जातो आणि ते पाण्यावर आडवं पडतं. आडवं पडलं की मासा लागलेला आहे. काठी नुसती उचला, हिसका मारू नका. या माशाच्या ओठांचं कातडं कागदासारखं पातळ असतं, इंग्रजीत त्याला ‘पेपरमाउथ’ म्हणतात ते त्यामुळेच. हिसक्याने ते फाटतं. होडीशी आला की आम्ही जाळीने घेतो.

चावा चालू असताना होडी का हलवतो

हिवाळ्यात येणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. टेक्सासमध्ये एरवी क्रॅपी दहा इंचांचा असला तरच ठेवता येतो, आणि माणशी दिवसाला 25. लेक फोर्कवर मात्र 1 डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत नियम उलटा आहे: लांबीची अट नाही, आणि पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवावाच लागतो. थंडीत मासे खोल जातात. खोलातून झपाट्याने वर आणला की पोटातली हवेची पिशवी फुगते. असा मासा सोडला तरी बहुधा जगत नाही, म्हणून हा नियम. लहान सोडून मोठे निवडण्याची सोय नाही. ज्याला पंचवीस लहान मासे लागले, त्याची क्रॅपीची मासेमारी त्या दिवसापुरती संपली.

म्हणून एका जागी ओळीने बोटभर मासे यायला लागले, की आम्ही तिथून निघतो. “अहो, लागतायत की, कुठे चाललात?” असं ऐकावं लागतं. पण दहा इंची क्रॅपी साधारण अर्धा पौंड भरतो आणि बारा इंची पाऊण ते एक पौंडापर्यंत जातो. तुमचे पंचवीस मासे चांगले असावेत एवढ्यासाठीच हलतो.

मार्च-एप्रिलमध्ये पाणी साठ अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की मासे अंडी घालायला काठाशी येतात. लहान मुलांना आणायचं तर हीच वेळ. पाणी उथळ, गाठ तीन-चार फुटांवर, आणि अडकण्याचा त्रास कमी. काळा क्रॅपी कोणता आणि पांढरा कोणता हे मुलं हमखास विचारतात. या दिवसांत नर काळवंडतात, त्यामुळे रंगावर जाऊ नका. पाठीच्या पराचे टोकदार काटे मोजा: पाच-सहा असले तर पांढरा, सात-आठ असले तर काळा. नियम दोघांना एकच. आसपासचे जुने लोक क्रॅपीला ‘व्हाइट पर्च’ म्हणतात, तो हाच मासा.

परवाना प्रत्येकाचा स्वतःचा लागतो, होडी आमची असली तरी. सतरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. भारतातून आलेले आई-बाबा किंवा सासू-सासरे काठी धरणार असतील, तर त्यांना बाहेरच्या रहिवाशांचा परवाना घ्यावा लागतो. तो एका दिवसाचाही मिळतो. आदल्या रात्री काढून ठेवा, धक्क्यावर नेटवर्कची खात्री नसते. नुसते बसून बघणार असतील तर काहीच नको, आणि खरं सांगायचं तर आजी-आजोबा होडीत असले की आम्हालाही बरं वाटतं. तेरा वर्षांखालच्या मुलांना होडी चालू असताना आणि वाहत असतानाही लाइफ जॅकेट घालून बसावं लागतं. लहान मापाची जॅकेटं आमच्याकडे आहेत.

मासे होडीतच कापून द्या असा आग्रह होतो. तो आम्ही मानत नाही. लांबीचा नियम असलेल्या माशाचं डोकं-शेपूट किनाऱ्याला लागेपर्यंत काढता येत नाही. धक्क्यावर आलो की सगळे साफ करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. इथल्या पद्धतीने बिनकाट्याचे काप हवेत की कालवणासाठी खवले काढून काट्यासकट तुकड्या, ते आधी सांगा. मांस पांढरं आणि गोडसर असतं. रवा लावून तळायला काप चांगले, तिरफळाच्या कालवणाला तुकड्या. वसंतातल्या फेरीत माद्यांच्या पोटात गाबोळी मिळते. इथले बरेच जण ती टाकून देतात, आम्ही वेगळी बांधून देतो.

काठ्या, आमिष आणि बर्फ आमच्याकडे असतो. एका फेरीला चारच जण घेतो, कारण चारपेक्षा जास्त काठ्यांच्या गाठींकडे नीट लक्ष देता येत नाही. मार्च-एप्रिलचे शनिवार लवकर भरतात, तेव्हा मुलांना आणायचं असेल तर जानेवारीतच कळवा. येताना रिकामा कूलर, टोपी आणि थंडीत वाऱ्याचं जाड जाकीट आणा.