नाइट व्हिजन म्हणजे मिट्ट काळोखात दिसणं नव्हे

‘नाइट व्हिजन दुर्बिणीतून काळ्याकुट्ट अंधारातही दिसतं’ असं वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. तसं नाही. मूळची नळीवाली दुर्बीण उजेड तयार करत नाही. चांदण्यांचा तुटपुंजा उजेड असेल तो वाढवते. प्रकाश पडला की नळीतल्या पहिल्या पडद्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, बारीक छिद्रांच्या चकतीत त्यांची संख्या हजारो पटींनी वाढते आणि ते फॉस्फरच्या (इलेक्ट्रॉन आदळले की चमकणाऱ्या लेपाच्या) पडद्यावर आदळले की ते ओळखीचं हिरवं चित्र उमटतं. गुहेत उजेडच शून्य, तर वाढवणार काय, कपाळ?

मग स्वस्त डिजिटल दुर्बीण अंधारात कशी चालते? तिला इन्फ्रारेड टॉर्च असतो. म्हणजे बॅटरी मारूनच बघायचं, फक्त झोत आपल्याला दिसत नाही. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या टॉर्चचा लालसर ठिपका समोरच्याला दिसतो. ९४० चा जवळपास दिसत नाही, पण पल्ला कमी. घेताना ‘किती एक्स’, म्हणजे किती पट मोठं दिसतं, यापेक्षा टॉर्च किती नॅनोमीटरचा हे विचारा.

उजेडाशिवाय खरंच चालते ती थर्मल दुर्बीण. पण ती उष्णता टिपते, खिडकीच्या काचेपलीकडचं तिला दिसत नाही.

आणि बुद्धपौर्णिमेला प्राणी बघायला मचाणावर बसायचं असेल, तर चांदण्यात साधी ७×५० (सातपट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) दुर्बीणही बऱ्यापैकी काम भागवते.