व्हूडू कार्डं बाजारातून का गेली? पार्श्वभूमी

‘एजीपी कितलाले भेटी?’ म्हणजे कितीला मिळेल? जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये हा प्रश्न अजूनही कानावर पडतो. गिऱ्हाइकाला हवं असतं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर चित्र काढणारं कार्ड. एजीपी हे खरं तर ते कार्ड ज्यात बसतं त्या मदरबोर्डवरच्या (कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डवरच्या) स्लॉटचं नाव. तो स्लॉट जाऊन पीसीआय एक्सप्रेस आला त्याला वीस वर्षं उलटून गेली, पण खान्देशात शब्द टिकला. व्हूडू, म्हणजे थ्रीडीएफएक्स कंपनीची थ्रीडी गेमसाठीची जुनी कार्डं, त्यांच्याबद्दल बोलताना हाच शब्द घोळ घालतो. ‘एजीपी आलं आणि व्हूडू गेलं’ हे आमच्याकडचं ठरलेलं उत्तर अपुरं आहे. पहिली व्हूडू कार्डं एजीपीच्या आधीच्या साध्या पीसीआय स्लॉटमध्येच बसायची. व्हूडू 3 एजीपीत बसायचं, पण मुख्य मेमरीतून थेट टेक्स्चर (थ्रीडी वस्तूंवर चढवायची चित्रं) उचलण्याची एजीपीची खास सोय त्याला वापरता यायची नाही. तरी 1999 मध्ये आलं तेव्हा ते वेगाला फारसं कमी पडलं नाही. कंपनी बुडाली ती वेगळ्या कारणाने.

थ्रीडीएफएक्स ही कंपनी 1994 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. 1996 मध्ये मेमरी स्वस्त झाली आणि आर्केड मशीनपुरती असलेली तिची चिप घरच्या पीसीत आली. पहिलं व्हूडू 4 एमबीचं. ते फक्त थ्रीडी काढायचं, रोजच्या कामाला दुसरं कार्ड लागायचंच, आणि दोन्हींच्या मागून एक छोटी केबल जोडावी लागायची. ती सैल झाली की स्क्रीन काळी. 1998 च्या व्हूडू 2 ची दोन कार्डं एकत्र जोडता येत आणि 1024 बाय 768 ठिपक्यांच्या चित्रावर गेम चाले. त्या वर्षी या कंपनीला तोड नव्हती.

माझ्या खणात 12 एमबीचं एक व्हूडू 2 आहे. सोनेरी पट्टी खोडरबरने घासली की आजही चालतं. त्यावर तीन मोठ्या चिपा आहेत आणि त्यांच्यावर नाव थ्रीडीएफएक्सचं. डब्यावर नाव मात्र दुसऱ्याच कंपनीचं. चिप एकाची, कार्ड दुसऱ्याचं. क्रिएटिव्ह, डायमंड असे अनेक जण या चिपा विकत घेऊन आपापली कार्डं बनवायचे आणि जगभर पोचवायचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आमच्यापर्यंत जो माल यायचा, तो याच वाटेने.

ही वाट कंपनीने स्वतःच्या हाताने बंद केली. 14 डिसेंबर 1998 रोजी तिने एसटीबी ही कार्ड बनवणारी कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं. मे 1999 मध्ये व्यवहार पूर्ण झाला. यापुढे कार्डही आपलंच, नावही आपलंच, नफाही आपलाच, असा हिशेब होता. एसटीबीचा मेक्सिकोतला कारखाना हाताशी आला आणि मोठ्या पीसी कंपन्यांत शिरकाव होईल असं वाटलं. सावद्याच्या केळीवाल्याने सगळ्या व्यापाऱ्यांना एकदम तोडून ‘उद्यापासून दिल्लीला माल आम्हीच नेऊ’ म्हणावं, तसं हे झालं. व्यापारी घरी बसत नाही, तो शेजारच्या बागेत जातो. क्रिएटिव्ह आणि डायमंड एनव्हिडिया या प्रतिस्पर्धी कंपनीच्या टीएनटी 2 चिपा घेऊन बाजारात राहिले. आमच्या दुकानात डब्यांवरची नावं तीच राहिली, आतली चिप बदलली. गिऱ्हाइकाला विश्वास डब्यावरच्या नावाचा होता, त्यामुळे व्हूडू कुठे गेलं हे विचारायलाही फारसं कोणी आलं नाही. एसटीबी तोवर एनव्हिडियाच्या चिपांचीही कार्डं बनवत होती, ती बंद झाली. पण तेवढ्याने एनव्हिडियाचं काही अडलं नाही.

नव्या चिपा उशिरा आल्या म्हणून कंपनी बुडाली, असं मानणारेही बरेच आहेत. उशीर झाला हे खरंच. व्हूडू 3 ची थ्रीडी चित्रं 16 बिट रंगांवरच अडली होती, तेव्हा टीएनटी 2 वर 32 बिट मिळत होते. ऑक्टोबर 1999 मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स 256 आलं आणि व्हूडू 5 5500 बाजारात यायला 2000 चा मध्य उजाडला. चार चिपांचं व्हूडू 5 6000 तर विक्रीला आलंच नाही. पण उशीर इतरांनाही झाले आहेत. कार्डवाले सोबत असते तर एक वाईट वर्ष निघून गेलं असतं. स्वतःचा कारखाना गळ्यात, कार्डं पडून आणि ती विकायला दुसरं कोणी नाही, अशा अवस्थेत ते वर्ष निघणं शक्य नव्हतं.

15 डिसेंबर 2000 रोजी कंपनीने आपली तांत्रिक मालमत्ता एनव्हिडियाला विकत असल्याचं जाहीर केलं: 7 कोटी डॉलर रोख आणि 10 लाख शेअर. ऑक्टोबर 2002 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला, त्यातले खटले पुढे कित्येक वर्षं चालले. दोन कार्डं जोडण्याच्या पद्धतीला व्हूडू 2 च्या काळात एसएलआय म्हणत. 2004 मध्ये एनव्हिडियाने तीच अक्षरं निराळ्या तंत्रासाठी पुन्हा आणली, आणि नव्या पोरांना ती एनव्हिडियाचीच वाटतात.

विंडोज एक्सपी आलं 2001 मध्ये. तोवर कंपनीचं काम बंद पडलं होतं, नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढायला कोणी उरलं नव्हतं. परदेशातल्या हौशी लोकांनी जुने ड्रायव्हर दुरुस्त करून इंटरनेटवर टाकले. ते सीडीवर घालून मी 2004 पर्यंत भुसावळ, चाळीसगावच्या गिऱ्हाइकांच्या मशीनवर टाकून दिले आहेत.